उंदीर पडला

माझ्या आजीच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार यायचं. कुणी कुठल्या संकटाची सुरुवातीची खूण ओळखली नाही, की ती म्हणायची, "उंदीर पडला होता, पण बघितलं कुणी?" लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. उंदीर काय, पडतो नि पळतो. पुढं मोठी झाल्यावर कळलं, की हे प्लेगच्या काळातलं बोलणं. घरात आढ्यावरून मेलेला उंदीर खाली पडला, की त्या घरात माणूस राहत नसे. भांडीकुंडी, जोंधळ्याची पोती, गुरंढोरं घेऊन सगळा गाव माळावर झोपड्या घालून राहायचा. आजी अशाच एका झोपडीत लहानाची थोडी मोठी झालेली.

गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. मी सवयीनं पिंजरा काढला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. सकाळी उंदीर पिंजऱ्यात. आपल्या घरातली रीत अशी, की मारायचा नाही, लांब नेऊन सोडायचा. आमचे हे पिशवीत पिंजरा घालून निघाले, तेव्हा नातवानं विचारलं, "आजोबा, कुणाच्या घराजवळ सोडणार?"

हे हसले, पण मला तो प्रश्न लागला. त्याच सुमारास मी मुंबईच्या प्लेगबद्दल वाचत होते. त्यामुळं आजीचं वाक्य, नातवाचा प्रश्न आणि ते वाचन एकमेकांत मिसळून गेलं. आज तेच लिहिते आहे.

प्लेग मुंबईत प्रथम ओळखला गेला तो मांडवी भागात, सप्टेंबर १८९६ मध्ये. डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी रोग्याच्या गाठी आणि ताप पाहून हा प्लेग आहे असं सांगितलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याचा बाजार. खाली गोदामं, वर माणसं. तांदूळ, गहू, डाळी, साखर यांच्या थप्प्या आणि त्यांच्यावर वाढलेले उंदीर. या बाजारात कच्छी, भाटिया आणि आपले जैन व्यापारी पुष्कळ होते. म्हणजे ही साथ सुरू झाली ती आपल्याच लोकांच्या उंबऱ्यावर. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांनी कमी भरावी, यावरून कल्पना करा.

साथ आली की सरकार पहिली गोष्ट करतं ती मोजणी. कोण आजारी, कुठल्या घरात, किती मेले. यात चूक काही नाही. माझं शिक्षण कॉमर्सचं. हिशेब ठेवल्याशिवाय तोटा कुठं होतो ते कळत नाही, हे मला पटतं. पण त्या वेळी मोजणी झाली ती माणसाला चोर समजून. तपासणी पथकं घराघरांत शिरत. आजारी सापडला की इस्पितळात, घरचे लोक सेग्रिगेशन कँपमध्ये, सामान बाहेर काढून निर्जंतुक करायचं किंवा जाळायचं. मुंबईच्या कितीतरी चाळींच्या भिंतींवर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवली गेली. 'मनुष्यवस्तीला अयोग्य' या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. ज्याचं घर तेवढंच, त्यानं ती अक्षरं वाचून जायचं कुठं?

लोकांनी मग लपवायला सुरुवात केली. आजारी माणसाला माळ्यावर, पोत्यांच्या मागं, नाहीतर रातोरात दुसऱ्या चाळीतल्या नातेवाइकांकडं पोचवायचं. मृत्यूचं कारण सांगताना साधा ताप सांगायचं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ ला एका विणकर मुसलमान कुटुंबातल्या बारा वर्षांच्या मुलीला इस्पितळात न्यायला पथक आलं, घरच्यांनी दार अडवलं, आणि त्यातून दंगल पेटली. पुण्यात रँडचं काय झालं ते आपण शाळेतच शिकलो आहोत.

अधिकाऱ्यांना आपले आकडे खोटे आहेत हे कळत होतं. त्यांनी ताळा कसा घेतला ते वाचून मला आमचे बुककीपिंगचे सर आठवले. आजारी लपवता येतो, मढं लपवता येत नाही. स्मशानांत आणि कबरस्तानांत मयतांची नोंद व्हायची. एरवी त्या आठवड्यात शहरात किती मृत्यू होतात हे मागच्या वर्षांवरून ठाऊक होतं. यंदाच्या आकड्यातून तो वजा केला, की उरलेल्यात मोठा वाटा प्लेगचा. लोकांनी सांगितलेला प्लेगचा आकडा एक आणि वजाबाकीतून निघालेला दुसरा. दोन्हींमध्ये जो फरक, तेवढी लोकांची भीती, असं मला वाटतं. एवढी माणसं गेली आणि घरच्यांना त्यांचा आजार उघडपणे बोलूनही दाखवता आला नाही.

एवढं करूनही साथ हटेना. दर वर्षी डिसेंबरच्या आसपास ती डोकं वर काढी, फेब्रुवारी-मार्चमध्ये कळसाला जाई, पावसाळ्यात ओसरे, आणि थंडीत परत हजर. माणसं मोजून झाली, घरं धुऊन झाली, तरी रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो ते कळत नव्हतं. रोग्याची सेवा करणारे कितीतरी लोक धडधाकट राहत आणि रोग्याला कधी न पाहिलेला माणूस मरत असे.

उत्तर खरं तर १८९८ मध्येच एकानं सांगून ठेवलं होतं. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर मुंबईत काम करून कराचीला गेला होता. तिथं त्यानं जून १८९८ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की प्लेग एका उंदरापासून दुसऱ्याकडं नेते ती पिसू. त्या वेळच्या सरकारी प्लेग कमिशननं ते मानलं नाही. मुंबईतल्या प्रयोगशाळेतले ग्लेन लिस्टन यांनी मात्र तो धागा सोडला नाही. १९०३ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगनं मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेलेल्या एका चाळीतल्या माणसांच्या अंगावरूनही लिस्टन यांनी पिसवा गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी उंदराच्याच जातीच्या निघाल्या.

मग १९०५ मध्ये भारतमंत्र्यांचं खातं, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून नव्यानं शोध सुरू केला. काम चाले परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, जिथं आज हाफकिन संस्था आहे. आणि या वेळी मोजणीची दिशा बदलली. माणसांच्या बरोबरीनं उंदीर मोजायला घेतले.

मुंबईच्या गल्लीबोळांतून उंदीर गोळा होत. काही मेलेले, काही पिंजऱ्यात सापडलेले. प्रत्येकाबरोबर तो कुठं मिळाला त्या जागेची चिठ्ठी. परळला नेऊन प्रत्येक उंदीर तपासायचा, जात कोणती आणि प्लेग आहे की नाही हे लिहायचं. एका वर्षात असे लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. दुसऱ्या बाजूला माणसांचे रुग्ण कोणत्या घरात, कोणत्या दिवशी झाले याची नोंद. दोन्ही एकाच नकाशावर मांडायचं. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावठाणांमध्ये तर घरागणिक अभ्यास झाला. कुठल्याही वहीतलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. रोज तेच रकाने, तीच नोंद, आणि हात घालायचा तो कुजक्या वासाच्या ढिगात. आयोगाच्या नावाखाली मोठे साहेब होते, पण चाळीचाळींत फिरणाऱ्यांमध्ये आपल्याकडचे डॉक्टर, सहायक आणि उंदीर गोळा करणारे कामगार होते.

त्या रकान्यांतून जे दिसलं ते असं. मुंबईत उंदरांच्या दोन मुख्य जाती. एक गटारात आणि मोऱ्यांत राहणारा मोठा तपकिरी उंदीर, दुसरा घरात माणसाच्या सोबतीनं राहणारा काळा उंदीर. आधी गटारातल्या उंदरांत मरी सुरू होई. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी घरातल्या उंदरांत. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. तीन रेघा एकामागून एक चढत आणि त्याच क्रमानं उतरत. म्हणजे माणूस आजारी पडायच्या आधी जवळजवळ तीन आठवडे त्या वस्तीत खबर आलेली असे. आजी म्हणायची तेच. उंदीर पडला होता, बघितलं कुणी?

दुवा होता पिसूचा. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा ते अंग सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीर उरला नसेल तर जमिनीवर निजलेला माणूस सापडतो. पायाला चावली की जांघेत गाठ. हे पक्कं करण्यासाठी केलेले प्रयोग साधे होते. प्लेगच्या घरात गिनीपिग पिंजऱ्यात ठेवायचे. एका पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद, दुसऱ्याभोवती काही नाही. चिकट कागद पिसूला ओलांडता येत नसे, म्हणून आतला गिनीपिग वाचे आणि दुसरा मरे. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर प्राणी आजारी पडे, दोन फुटांवर टांगला तर पडत नसे. रोग हवेतून येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता?

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, हे कबूल करते. प्रश्न विचारायला त्यांनी किती जीव वापरले! लाखाच्या वर उंदीर, शिवाय ते गिनीपिग. पंचेंद्रिय जीव सगळे. पिसूसुद्धा आपल्या हिशेबात तीन इंद्रियांची. पुढं १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी शोधलं, की रोगी पिसूचा अन्नमार्ग जंतूंच्या वाढीनं बंद होतो. ती भुकेली राहते, म्हणून पुनःपुन्हा चावते, आणि शेवटी स्वतःही मरते. या साखळीत सुखी कुणीच नव्हतं, ना उंदीर, ना पिसू, ना माणूस.

पण ज्या निष्कर्षानं मला खरं हलवलं तो वेगळा आहे. या अभ्यासातून ठरलं, की गाठीच्या प्लेगचा रोगी स्वतः दुसऱ्याला रोग देत नाही. फुप्फुसाचा प्लेग वेगळा, तो खोकल्यातून पसरतो. पण मुंबईत बहुतेक साथ गाठीचीच होती. म्हणजे दहा वर्षं ज्यासाठी आईच्या कुशीतून पोरं ओढली, नवऱ्याला इस्पितळात आणि बायकोला कँपात टाकलं, त्यातलं पुष्कळसं गरजेचंच नव्हतं. गरज होती माणसांनी ते घर काही आठवडे सोडण्याची, एकमेकांना सोडण्याची नाही. माळावरच्या झोपडीत आजीचं कुटुंब एकत्रच होतं. आई, बाप, आजारी चुलता, सगळे. खेड्यातल्या माणसांनी उंदीर बघून जे केलं, ते साहेबांनी माणसं धरून केलेल्या बंदोबस्तापेक्षा बरोबर होतं.

आता आपल्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. उंदरांचं कळल्यावर सरकारनं उंदीर मारायच्या मोहिमा काढल्या, तेव्हा विरोध करणाऱ्यांत जैन समाज पुढं होता. तो विरोध मला समजतो. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण स्वाध्यायात शिकतो, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. त्यांतली संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, श्रावकानं पूर्ण सोडायची. उंदीर मारायचा सापळा लावणं संकल्पी की विरोधी, यावर आमच्या स्वाध्याय मंडळात एक दुपार वाद झाला आणि मिटला नाही. मीही तो इथं मिटवणार नाही.

मात्र तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत पहिला शब्द प्रमादाचा आहे. बेसावधपणातून जीव जातो ती हिंसा. या कसोटीवर मी आमच्या त्या पिंजऱ्याकडं बघितलं. समजा १९०५ ची मांडवी आहे. माझ्यासारखी एखादी श्राविका पिंजऱ्यात सापडलेला उंदीर दयाबुद्धीनं दोन गल्ल्या पलीकडं सोडून येते. उंदराच्या अंगावर पिसवा आहेत. पंधरा दिवसांनी त्या गल्लीत माणसं पडायला लागतात. तिनं जीव वाचवला, अशी तिची नोंद. पण दुसऱ्या बाजूला किती खर्च पडला, हे तिच्या वहीत येतच नाही. तिचा हेतू शुद्ध होता. जतना कुठं होती?

आणि तसंच उलट. मांडवीचं गोदाम धान्यानं भरलेलं, पोती जमिनीला टेकलेली, भिंतीत बिळं, सांडलेले दाणे झाडायला वेळ नाही, आणि वर उंदीर मारू नका म्हणायचं. आपण आधी त्यांना जेवायला बोलावलं, वाढवलं, आणि मग ते हजारोंनी तडफडून मेले. त्यांच्या मागून माणसं. मारलं कुणी नाही, पण प्रमाद सगळ्यांचा. अस्वच्छतेचा प्लेगशी संबंध येतो तो तिथं उंदीर पोसले जातात म्हणून, असं त्या अभ्यासातही निघालं. घर उंदराला राहायला गैरसोयीचं करणं हा त्याला न मारता करायचा उपाय आहे, आणि तो आपल्या धर्माला तर अगदीच धरून आहे. रात्री उष्टं-खरकटं ठेवायचं नाही, धान्य निवडून झाकून ठेवायचं, दाणा सांडू द्यायचा नाही, दिवस मावळायच्या आत चूल आवरायची. हे नियम आपण सोवळं म्हणून पाळतो आणि गोदामात मात्र विसरतो.

देशात या साथीनं काय केलं त्याचा एकच आकडा सांगते. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात तेरा लाखांहून अधिक माणसं प्लेगनं गेली. रोग कसा पसरतो हे तोवर कळू लागलं होतं. कळणं आणि घरोघरी पोचणं यात किती अंतर असतं!

आणि ही फार जुनी गोष्टही नाही. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोकांनी भीतीनं घरं सोडली, आत साठवलेलं धान्य तसंच राहिलं, उंदीर माजले. पुढच्या वर्षी लोक घरांत परतले. ऑगस्ट १९९४ च्या सुमारास गावकऱ्यांच्या लक्षात आलं, की घरांत पिसवा फार झाल्या आहेत आणि उंदीर पडताहेत. त्यानंतर माणसांना गाठी आल्या. आधी उंदीर, मग पिसवा, मग माणूस. परळच्या वहीतला तोच क्रम, नव्वद वर्षांनी. पुढच्या महिन्यात सुरतेहून प्लेगची बातमी आली आणि माणसं गाड्या भरभरून पळाली, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल.

करोनात आमच्या इमारतीच्या एका दारावर कागद चिकटवला होता. आम्ही सगळे त्या दारावरून अंग चोरून जात होतो. महिन्याभरानं कळलं, की दुसऱ्याही एका घरात ताप होता, पण त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण पहिल्या घराकडं आम्ही कसे बघतो ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यावर मी तेव्हा फार चिडले होते. आता वाटतं, आमच्या इमारतीचा आकडा चुकला त्यात माझाही हात होता. माणसानं खरं सांगावं असं वाटत असेल, तर सांगणाऱ्याला आधी अभय द्यावं लागतं. अभयदान हे आपल्याकडं सगळ्यात मोठं दान मानतात. ते पशुपक्ष्यांना देताना आपण शेजाऱ्याला विसरतो.

राहिला नातवाचा प्रश्न. तो उंदीर यांनी गावाबाहेर, वस्तीपासून लांब ओढ्याकाठी सोडला. घरी आल्यावर मी सिंकखालचा पाइप जिथं भिंतीत शिरतो तिथली फट गवंड्याकडून सिमेंटनं बुजवून घेतली. तांदळाची आणि ज्वारीची पोती पाटावर होती, ती पत्र्याच्या डब्यांत ओतली. रात्री ओटा कोरडा करून निजायचं, हे सुनेला सांगण्याऐवजी मीच करते. पिंजरा माळ्यावर टाकला आहे.

नातवाला सांगितलं, "बाळा, कुणाच्याच घराजवळ सोडायचा नाही. आपल्याकडं येऊच नये असं घर ठेवायचं." तो म्हणाला, "आणि तरी आला तर?"

तर आधी बघायचं, तो जिवंत आहे की पडलेला.

जय जिनेंद्र.